पन्नासपर्यंत येतं, पण चार वाट्या आणता येत नाहीत

नमस्कार मंडळी,

सुट्टीसाठी पार्ल्याला सासरी आलोय. लेक लवकरच चार पूर्ण करेल. आबांनी (तिच्या आजोबांनी) रोज संध्याकाळी गॅलरीत बसवून एक ते पन्नास तोंडपाठ करून घेतलंय, आणि घरी येईल त्या प्रत्येकासमोर तिच्याकडून म्हणवून घेतात. काल जेवायच्या वेळी तिला म्हटलं, "चार वाट्या आण गं." तर मांडणीवरच्या हाताला लागतील तेवढ्या सगळ्या घेऊन आली. म्हटलं, मोज बघू. एकेका वाटीला बोट लावून व्यवस्थित मोजल्या, सातपर्यंत. "मग किती आहेत?" विचारलं, तर पुन्हा पहिल्यापासून "एक, दोन, तीन..." हे नॉर्मल आहे का? शिवाय इथे मराठीत आणि तिकडे शाळेत इंग्रजीत, त्यामुळे गोंधळ होतोय का? गिरगावच्या काकूंनी इतकी वर्षं बालवाडी चालवली आहे, म्हणून इथेच विचारते.

पार्ल्याची सून


अगं, काही बिघडलेलं नाही. या वयाला असंच असतं. बालवाडीत दर वर्षी निम्मी पोरं अशीच यायची.

१९७८ साली रॉचेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी मोजण्यामागचे पाच नियम मांडले. त्यातले पहिले दोन तुझ्या लेकीला येतात: आकडे दर वेळी त्याच क्रमाने म्हणायचे आणि एका वस्तूला एकच आकडा द्यायचा. अडलंय ते तिसऱ्यापाशी. शेवटी म्हटलेला "सात" हा त्या सातव्या वाटीचा नसून सगळ्या वाट्यांचा मिळून आहे, हे अजून तिच्या लेखी नाही. म्हणून "किती?" म्हटलं की तिला वाटतं, आईला पुन्हा मोजून हवंय.

आता एक कर. टोपलीत आठ-दहा लिंबं ठेव आणि सहज माग, "मला एक दे." मग दोन, मग तीन. जिथे ती न मोजता मूठभर उचलून देईल, त्याच्या अलीकडचा आकडा तिचा पक्का. मुलं आधी नुसत्या एकात असतात, मग दोन येतो, मग तीन, आणि मध्ये कित्येक महिने जातात. तीन-चारपर्यंत आलं की मात्र एकदम उमगतं आणि पुढचे आकडे भराभर लागतात. तेव्हा पन्नास राहू देत बाजूला. ती दोनवर असेल तर तुमचं सगळ्यांचं काम तीनवर.

तीनवर काम म्हणजे काय, तर आधी एकूण सांगायचं आणि मग मोजायचं. "ही बघ तीन लिंबं. एक, दोन, तीन. तीन लिंबं." मोजलेलं लिंबू तिने स्वतःच्या हाताने बाजूला सरकवायचं, म्हणजे एक दोनदा मोजलं किंवा एक सुटलं असं होत नाही. भाजीला जाताना तिला बरोबर ने. मंडईबाहेर बायका लिंबांचे वाटे लावून बसलेल्या असतात, तिथे न मोजताच विचार, "या वाट्यात किती?" तीन-चारपर्यंतचा आकडा डोळ्यालाच कळतो, त्याला मोजावं लागत नाही. फाशावरचे ठिपके याचसाठी उत्तम.

आणि पानं घ्यायला तिलाच सांग. "जेवायला कोण कोण?" आबांना एक वाटी, आजीला एक, बाबाला एक. एकाला एक लावायचं, बस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला, तेव्हा मुलांच्या हाताशी बिया, पानं, खडे असलंच असायचं. महागडे रंगीत मणी विकत आणायची गरज नाही. चिंचोके मात्र घरात तीनच्या खालचं बाळ असेल तर नकोत, घशात अडकतात.

भाषेचं म्हणशील, तर दहापर्यंत दोन्हीकडचं ऐकू दे. पुढचं मराठीत चांगलंच अवघड आहे, मोठ्यांनाही एकोणसाठ आणि एकोणसत्तर क्षणभर अडतात. घाई नको.

गिरगावची काकू


काकू, सगळं मान्य, पण आबांना एवढं बाजूला काढू नका! क्रम पाठ असल्याशिवाय मोजणार कसं? पाठांतर वाया जात नाही, निदान आमच्या पिढीचं तरी गेलं नाही.

एक भर घालतो. अमेरिकेत गीता रमानी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर एक साधा पटखेळ खेळून पाहिला. एका सरळ रांगेत एक ते दहाची घरं, आणि फाशाऐवजी फिरकी, तिच्यावर फक्त एक आणि दोन. साधारण पाव तासाच्या चार बैठकांत मुलांची आकड्यांची समज वाढली. तोच खेळ आकड्यांऐवजी नुसत्या रंगांवर खेळलेल्यांना असा फायदा दिसला नाही. सापशिडी या वयाला नको, ती शंभर घरांची आणि ओळ संपली की उलटी वळते, पोर तिथेच चुकतं. आणि सोंगटी तीनवर असताना दोन पडले तर "एक, दोन" न म्हणता "चार, पाच" म्हणत सरकवायची. खरी मेख तिथे आहे.

मुलुंडचा काका


काका, आबांना कोण बाजूला काढतंय? रोज पोरीला घेऊन बसणारं माणूस घरात आहे, हेच मोठं. फक्त पाहुण्यांसमोर म्हणवून घेणं थांबवा, आणि म्हणून झालं की तिच्याकडून काहीतरी मागा: "आता दोन बटाटे आण."

गिरगावची काकू


काकू, लिंबांचं करून पाहिलं. एक देते, दोन देते, तीन मागितले की टोपलीच पुढे करते. आबांना तुम्हा दोघांचेही मेल वाचून दाखवले. आधी थोडे फुगले, मग खडू घेऊन गॅलरीत दहा घरं आखली आणि ल्यूडोच्या फाशावर कागद चिकटवून सगळ्या बाजूंना एक नाहीतर दोनच ठिपके काढले. आता तीनवर आहोत. फाशाला हात लावायची परवानगी सध्या आबा आणि नात या दोघांनाच आहे.

पार्ल्याची सून