8-9 हजारांत पॉलिशर: डीए की रोटरी?

निळीहॅचबॅक
गाडी गडद निळी, 6 वर्षं जुनी. रोज कोरड्या फडक्यानं पुसली जाते, त्यामुळे उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. छतावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आहेत. नखाला अडकेल असा ओरखडा एकच, मागच्या दारावर. पॉलिश घरीच करायचंय. मशीन आणि पॅड मिळून 8-9 हजार. दीड हजारापासून वीस हजारांपर्यंत सगळं 'कार पॉलिशर' याच नावानं विकतात. नेमकं काय बघून घ्यायचं? घरच्या ग्राइंडरला पॅड लावून भागेल का?

पत्रापारखी
ग्राइंडर विसरा. 4 इंची ग्राइंडर 11,000 आरपीएमच्या आसपास फिरतो, पॉलिशचं काम 600 ते 2000 मध्ये होतं. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलात की क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेलाच.

दीड हजारवालं, कापडी टोपी घालायचं मोठं गोल मशीन फक्त वॅक्स पसरायला. त्यानं एकही रेघ जाणार नाही.

तुम्ही डीए घ्या, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि जोडीला लहान वर्तुळात घिरट्याही घालतो, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरात असतात, त्यांच्याकडे नंतर बघा. आधी बघा थ्रो, म्हणजे त्या घिरटीच्या वर्तुळाचा व्यास. 8 मिमी थ्रोचं मशीन मोठ्या पॅडवर दाबलं की पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो. 15 मिमी थ्रो आणि पॅड चिकटवायची 125 मिमीची प्लेट ही जोडी घरकामाला सगळ्यात सोयीची. 21 मिमी सपाट बॉनेटवर झकास, पण हॅचबॅकच्या खांबांवर आणि बंपरवर अडचण होते.

दुसरं, वेग कायम ठेवणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे का ते विचारा. ते नसेल तर दाब देताच वेग पडतो.

कार्बनब्रश
रोटरीला, म्हणजे पॅड नुसता जागच्या जागी गोल फिरवणाऱ्या मशीनला, उगाच बदनाम केलंय. त्याच पैशात मशीन दणकट मिळतं, मोटरचे कार्बन ब्रश कुठल्याही मोटार वाइंडिंगवाल्याकडे बदलून मिळतात, एम14 च्या दांड्याला बसणाऱ्या प्लेट सगळीकडे असतात. 1000 ते 1200 आरपीएमवर, पॅड पूर्ण सपाट ठेवून काम केलं तर डीएच्या निम्म्या वेळात कापणी, म्हणजे रेघा घासून काढायचं काम, होते.

पत्रापारखी
मान्य, पण हात बसलेल्याला. नवख्याच्या हातात पॅड जरा कलला की गडद रंगावर होलोग्राम पडतात, सावलीत दिसत नाहीत आणि उन्हात लाटांसारखे चमकतात. ते काढायला शेवटी डीएच लागतो. शिवाय प्लास्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, रोटरीनं तिथला रंग पटकन भाजतो. निळ्या गाडीला डीएच.

निळीहॅचबॅक
ठरलं, 15 मिमीचा डीए. पॅड किती आणि कोणते?

फोमवाला
सगळे पैसे मशीनवर घालवू नका. 3 कापणीचे आणि 2 फिनिशिंगचे फोम पॅड तरी हवेत. एकाच पॅडवर अख्खी गाडी काढली की तो कंपाऊंडनं, म्हणजे कापणीच्या जाडसर पॉलिशनं, चिंब होतो, मधोमध तापतो आणि वेल्क्रो सुटून येतं. पॅडच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंगसंकेत वेगळा. 125 च्या प्लेटला 140 ते 150 मिमीचा पॅड. त्याहून मोठा लावलात तर मशीनच्या आतलं प्रतिवजन जुळत नाही आणि अर्ध्या तासात मनगट बधिर होतं.

प्लेटच्या कडेला काळ्या मार्करनं एक रेघ मारून ठेवा. काम करताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली तर वेग जास्त. एका जागी थरथरत राहिली तर दाब जास्त, नाहीतर पॅड तिरका.

पत्रापारखी
कामाची रीत: गाडी धुवा, क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवा, काळ्या प्लास्टिकवर आणि पत्र्याच्या धारांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो. मग बॉनेटवर दीड फूट चौरस तुकडा घेऊन आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिशच वापरून बघा. त्यानं भागलं नाही तरच कंपाऊंड. पॅडवर वाटाण्याएवढे 4 थेंब, वेग 1 वर पसरवा, मग 4-5 वर नेऊन आडव्या-उभ्या मिळून 4 ते 6 फेऱ्या. हात सेकंदाला इंच-दीड इंच, त्याहून जलद नको. थेंब जास्त झाले तर पॅड नुसता घसरतो, कापत नाही.

नंतर 1 भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि 6 भाग पाणी मारून पुसा, टॉर्च तिरका धरून बघा. न पुसता बघितलं तर पॉलिशमधलं तेल रेघा झाकून ठेवतं आणि पहिल्या धुण्यात त्या परत हजर.

फोमवाला
पत्रा हाताला गार लागला पाहिजे. उन्हात तापलेल्या बॉनेटवर कंपाऊंड लगेच वाळून पिठासारखं उडतं. बोअरच्या डागांवर आधी पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून मिनिटभर ठेवा, धुवा. जे उरतील ते रंगात उतरलेले, तेवढ्यांनाच मशीन.

निळीहॅचबॅक
आणि दारावरचा ओरखडा? तो घासून जाईल?

पत्रापारखी
नाही. कारखान्याचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा किंवा थोडा जास्त. त्यात क्लिअर कोट 35 ते 50. नखाला अडकणारी खाच बहुतेक वेळा त्याच्या पार गेलेली असते. कडा थोड्या गोलसर करा म्हणजे उजेडात कमी चमकेल, बाकी टचअपची बाटली. ते दार आधी रंगवलेलं असेल तर जपून, गॅरेजच्या रंगाची जाडी आणि कडकपणा दोन्ही बेभरवशाचे. त्या दारावर चाचणीचा तुकडा वेगळा घ्या, बॉनेटचा हिशोब तिथे लावू नका.