सध्या काय खेळताय? (आधी बेरीज, मग गुणाकार)

प्रेषक: मे., आइंडहोवन
विषय: सध्या काय खेळताय?

नमस्कार मंडळी,

वर्गणी आणि हॉलच्या मेलांमधून जरा उसंत. सध्या कुठला गेम चालू आहे ते लिहा. अट एकच, ‘भारी आहे’ एवढं लिहून पळायचं नाही. कुठे अडतं, का अडतं आणि काय केलं की सुटतं, ते हवं.

सुरुवात माझ्या प्रश्नाने. बालाट्रो या पोकरवर बेतलेल्या कॉम्प्युटर गेममध्ये तिसऱ्या अँटीच्या (टप्प्याच्या) पुढे गाडी सरकत नाही. जोकरच्या पाचही जागा भरलेल्या असतात, हातात बदामाचा कलरही (पाचही पानं एकाच रंगाची) येतो, तरी आकडा फुगत नाही. चुकतंय काय? आणि दुसरं, पत्त्यांचा गेम म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलांना द्यावा की नाही?

मे.

---

प्रेषक: प्र., लीड्स
विषय: उत्तर: सध्या काय खेळताय?

मे. ताई,

नव्वद टक्के वेळा चूक एकच असते: जोकर ज्या क्रमाने विकत घेतले त्याच क्रमाने पडून राहतात. बालाट्रोत क्रम म्हणजेच हिशेब. माउसने ओढून जागा बदलता येतात, पण हे गेम कुठेही ओरडून सांगत नाही.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हातात आठ पानं, त्यातली जास्तीत जास्त पाच खेळायची. प्रत्येक अँटीत तीन ब्लाइंड, म्हणजे ठरलेल्या स्कोअरच्या फेऱ्या: स्मॉल, बिग आणि शेवटी बॉस. प्रत्येक ब्लाइंडला चार हात आणि तीन डिस्कार्ड (पानं टाकून नवी घेणं). पोकरचा जो हात जमेल त्याचे चिप्स (गुण) गुणिले मल्ट (गुणक), हा तुमचा स्कोअर. चारही हातांची बेरीज ठरलेल्या आकड्यापर्यंत गेली पाहिजे. रमीतला जोकर डोक्यातून काढून टाका. इथला जोकर कुठल्याही पानाच्या जागी लागत नाही, तो वर वेगळा बसतो आणि नियम वाकवतो. असे एकूण 150 आहेत.

आता उदाहरण. बदामाचा एक्का, राजा, दश्शी, सत्ती, दुर्री. पहिल्या लेव्हलचा कलर म्हणजे 35 चिप्स आणि 4 मल्ट. पानांचे चिप्स 11 + 10 + 10 + 7 + 2 = 40. म्हणजे 75 गुणिले 4 = 300. पहिल्या अँटीचा स्मॉल ब्लाइंड बरोबर 300 चा असतो. एका हातात काम झालं, एकाही जोकरशिवाय.

दुसऱ्या अँटीत बिग ब्लाइंड 1200. समजा दोन जोकर आहेत. एक साधा ‘जोकर’, जो मल्टमध्ये 4 मिळवतो. दुसरा ‘द ट्राइब’, जो हातात कलर असला की मल्टला 2 ने गुणतो. जोकर डावीकडून उजवीकडे चालतात.

साधा जोकर डावीकडे: (4 + 4) × 2 = 16. स्कोअर 1200, म्हणजे एका हातात सुटका.
ट्राइब डावीकडे: 4 × 2 + 4 = 12. स्कोअर 900, म्हणजे आणखी एक हात जाळावा लागणार.

तेच पत्ते, तेच जोकर. आधी अधिक, मग गुणिले, म्हणून मिळवणारे डावीकडे आणि गुणणारे उजवीकडे. नवा जोकर उजव्या टोकाला येऊन बसतो. त्यामुळे आधी गुणणारा घेतला आणि नंतर मिळवणारा, तर मांडणी आपोआप उलटी होते. तुमचं बहुधा तेच होतंय.

पानांचाही क्रम असतो, आणि तो जास्त लोक विसरतात. जोकरांच्या आधी खेळलेली पानं डावीकडून उजवीकडे मोजली जातात. ‘लस्टी जोकर’ प्रत्येक बदामाला मल्टमध्ये 3 मिळवतो. ‘फोटोग्राफ’ पहिल्या चित्राच्या पानाला मल्ट 2 ने गुणतो. वरच्याच हातात राजा सगळ्यांत आधी ठेवला तर (4 + 3) × 2 = 14, मग उरलेल्या चार बदामांचे 12, एकूण 26. स्कोअर 1950. राजा शेवटी ठेवला तर आधीच्या चार पानांनी मल्ट 16 वर नेलेला असतो, राजाचे 3 मिळून 19, गुणिले 2 = 38. स्कोअर 2850. तिसऱ्या अँटीचा स्मॉल ब्लाइंड 2000 आहे, आता फरक बघा. यातही लस्टी हा फोटोग्राफच्या डावीकडे हवा. उलट असेल तर राजावर आधी दुप्पट होते आणि त्याचे 3 मागाहून येतात: 35, म्हणजे 2625.

‘ब्लूप्रिंट’ हातात आला तर एक लक्षात ठेवा, तो उजव्या शेजाऱ्याची नक्कल करतो. उजव्या टोकाला ठेवला तर नुसता शोभेचा.

पैशाचं: राउंड संपताना दर 5 डॉलरला 1 डॉलर व्याज, जास्तीत जास्त 5. म्हणजे 25 शिल्लक हे ध्येय. 23 असतील तर 3 बिनधास्त उडवा, व्याज 4 चं 4 च राहतं. 20 असताना 1 खर्च केला तर मात्र एक व्याज गेलं. ब्लाइंडनंतरच्या दुकानात रीरोल (माल बदलून घेणं) 5 ला सुरू होतो आणि त्याच दुकानात दर वेळी 1 ने चढतो, त्यामुळे तिसऱ्या रीरोलपर्यंत 18 डॉलर गेलेले असतात. पहिल्या दोन अँटींत मात्र कंजूषपणा नको. एक तरी मल्ट देणारा जोकर आधी, व्याज नंतर. ब्लाइंड स्किप करून (न खेळता सोडून) बदल्यात मिळणारा टॅग घ्यायचा मोह होतो, पण स्किप केला की त्याचं बक्षीस जातं आणि त्यानंतरचं दुकानही जातं. सुरुवातीला दुकानच महत्त्वाचं.

बॉसचं नाव अँटीच्या सुरुवातीलाच दिसतं, ते आधी वाचा. ‘द हेड’ सगळे बदाम बाद करतो. बाद पानांचा कलर धरला जातो, पण त्यांचे चिप्स मिळत नाहीत आणि लस्टी, फोटोग्राफ गप्प बसतात. तुमचा 2850 चा हात थेट 35 × 4 = 140 वर येतो. म्हणून एकाच रंगावर सगळा भार टाकू नये.

प्र.

---

प्रेषक: अ. काका, डब्लिन
विषय: उत्तर: उत्तर: सध्या काय खेळताय?

> ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात

प्र., तीनपत्ती खेळून आलेल्या लोकांचा इथे एक हमखास घोळ होतो, तो लिहायला हवा होतास. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर. इथे उलट, कलर वर. यात कुणाची लहर नाही, साधं गणित आहे. 52 पानांतून तीन घेतली तर नुसते कलर 1096 प्रकारे येतात आणि सिक्वेन्स 720 प्रकारे, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पानं घेतली की कलर 5108 आणि सिक्वेन्स 10,200. पारडं फिरलं. (दोन्हीकडे एकाच रंगाचा सिक्वेन्स वेगळा काढला आहे.) सिक्वेन्समध्ये एक्का दोन्ही टोकांना चालतो, पण राणी-राजा-एक्का-दुर्री असा वळसा घालून चालत नाही.

तरी माझं मत सिक्वेन्सकडे. ग्रहांचं कार्ड घेतलं की त्या हाताची लेव्हल वाढते. कलरचा ग्रह गुरू: 15 चिप्स आणि 2 मल्ट. सिक्वेन्सचा ग्रह शनी: 30 चिप्स आणि 3 मल्ट. पहिल्या लेव्हलला कलर 35 × 4 आणि सिक्वेन्स 30 × 4. एकच शनी घेतला की सिक्वेन्स 60 × 7, आणि एक गुरू घेऊन कलर 50 × 6. साडेसातीला घाबरणाऱ्यांनी हा गेम जरूर खेळावा, इथे शनी मागे लागलेला बराच. शिवाय सिक्वेन्सला द हेडसारख्या रंगवाल्या बॉसचा फारसा त्रास नाही, पाचातली एक-दोन पानंच बाद होतात.

मुलांचं: गेममध्ये खरे पैसे कुठेच लागत नाहीत, लावताही येत नाहीत. समोर दुसरा खेळाडूच नाही. विकत घेतला की संपलं. युरोपात गेमना वयाचे शिक्के देणाऱ्या पेगीने आधी याला 18 चा शिक्का मारला होता, अपिलानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये तो 12 झाला. माझ्या मते बारा वर्षांच्या मुलाला पाढे आणि गुणाकार यापेक्षा चांगला शिकवणारा गेम नाही. ‘अजून एकच डाव’ म्हणत रात्रीचा एक वाजतो, धोका तेवढाच, आणि तो मोठ्यांनाही आहे.

अ. काका

---

प्रेषक: प्र., लीड्स
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सध्या काय खेळताय?

काका, शनीचा हिशेब मान्य. पण कलर जमवणं सोपं, ते कसं विसरता? आठ पानांत चारच रंग. तीन-चार पानं एका रंगाची बहुतेक वेळा असतात, बाकीची एका डिस्कार्डला पाचपर्यंत फेकता येतात. चेकर्ड डेक या गेममधल्या वेगळ्या पत्त्यांच्या जोडात तर नुसते इस्पिक आणि बदाम, 26-26. आठ पानांत एका रंगाची किमान चार येणारच, एकाच पानाची वाट बघायची. सिक्वेन्सला मधलं एक पान अडलं की तीनही डिस्कार्ड त्यातच जातात. नवख्याला कलर, सरावलेल्याला सिक्वेन्स.

आणि आठव्या अँटीत ‘अँबर एकॉर्न’ हा बॉस आला तर घाबरू नका. तो सगळे जोकर उलटे टाकून पिसतो, म्हणजे वर सांगितलेला क्रम मातीमोल. जोकरवर क्लिक केलं की विकण्याची किंमत मात्र दिसते, त्यावरून बरेचसे ओळखू येतात. म्हणून बॉसच्या आधी किमती कागदावर लिहून ठेवा. पहिला हात हलका खेळा, कुठल्या जागेवरून अधिक येतंय आणि कुठून गुणिले ते बघा, मग ओढून लावा. साध्या बॉसला तिथे 1,00,000 लागतात, चार हातांत 25,000 चा एक. हलका हात परवडतो का हे मात्र आधी मोजा.

प्र.

---

प्रेषक: शि., म्युनिक
विषय: उत्तर: सध्या काय खेळताय? (पत्ते सोडून)

नमस्कार,

पत्त्यांतून बाहेर या. इकडे फॅक्टोरिओ हा कारखाने उभारण्याचा गेम, ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या स्पेस एज या विस्तारासकट, आणि सध्या मुक्काम ग्लेबा ग्रहावर. बरेच लोक इथे येऊन गेम सोडतात, कारण ते जुन्या सवयीने माल साठवतात. ग्लेबावर माल नासतो. युमाकोचं फळ एक तास टिकतं, त्याचा गर तीन मिनिटं, दुसऱ्या फळाची जेली चार मिनिटं, न्यूट्रिएंट्स (मशिनचं खाद्य) पाच मिनिटं. गर आणि जेलीपासून बनणारा बायोफ्लक्स तेवढा दोन तास. माल वाहणारा पट्टा भरून थांबला की त्यावरचं सगळं स्पॉइलेज (नासका माल) होतं, ते मशिनच्या तोंडाशी अडकतं आणि मागचं सगळं बंद.

त्यामुळे पहिला नियम: पट्टा कधीच थांबता कामा नये. शेवटी हीटिंग टॉवर लावा आणि उरलंसुरलं जाळा. पण अख्खी फळं जाळू नका, यात फार जण फसतात. एका झाडाची 50 फळं, आणि एक फळ फोडलं की बी मिळण्याची शक्यता 2 टक्के. म्हणजे एका झाडामागे सरासरी एक बी, जेमतेम बरोबरी. बायोचेंबर या ग्लेबावरच्या मशिनमध्ये फोडलं तर त्याच्या अंगच्या 50 टक्के वाढीमुळे दीड बी पडते. म्हणून फळ आधी बायोचेंबरमध्ये फोडायचं, बी काढून घ्यायची, मग जादा गर आणि जेली जाळायची. साध्या असेंबलरमध्ये (विजेवरच्या मशिनमध्ये) फोडाल तर बी वाढत नाही, आणि फळं तशीच जाळाल तर पेरायला बी उरत नाही.

दुसरं, बायोचेंबर विजेवर नाही, न्यूट्रिएंट्सवर चालतो. न्यूट्रिएंट्स बायोफ्लक्सपासून, बायोफ्लक्स बायोचेंबरमधून. साखळी एकदा तुटली की आपणहून सुरू होत नाही. उपाय: एक साधा असेंबलर बाजूला ठेवून त्यात स्पॉइलेजपासून न्यूट्रिएंट्स करा. 10 स्पॉइलेजचा 1 न्यूट्रिएंट, दर भिकार, पण असेंबलर विजेवर चालतो म्हणून बंद पडलेला कारखाना यानेच उठतो. प्रत्येक बायोचेंबरला स्पॉइलेज बाहेर काढणारा, फिल्टर लावलेला इन्सर्टर (माल उचलणारा यांत्रिक हात) वेगळा हवा. हा एक वाचवायला गेलात की अख्खी रांग अडते.

लोखंडाचे बॅक्टेरिया म्हणजे सरळसरळ विरजण. एक बॅक्टेरिया आणि एक बायोफ्लक्स टाकला की चार निघतात, आणि मिनिटभरात ते नासून लोखंडाची कच्ची धातू होतात. इथे नासणं हेच उत्पादन! पण निघालेल्यातला एक परत त्याच चेंबरमध्ये गेला पाहिजे, आणि तो ताजा असताना. सगळं दही खाऊन टाकलं तर उद्या विरजायला काय? म्हणून बाहेर पडणारा पट्टा आधी चेंबरच्या तोंडाशी वळवा, मग पुढे न्या.

शि.

---

प्रेषक: मे., आइंडहोवन
विषय: उत्तर: उत्तर: सध्या काय खेळताय? (पत्ते सोडून)

प्र. दादा, क्रमच होता. गुणणारा डावीकडे बसला होता. पाचव्या अँटीपर्यंत गेले.

शि., ग्लेबावरून पेंटापॉडची (तिथल्या शत्रू प्राण्यांची) अंडी दुसऱ्या ग्रहावर न्यायची असतील तर किती वेळ मिळतो? आणि संशोधनाला लागणारे सायन्स पॅकही नासतात का?

मे.

---

प्रेषक: शि., म्युनिक
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सध्या काय खेळताय? (पत्ते सोडून)

मे. ताई, अंड्यांना 15 मिनिटं. ती नासत नाहीत, फुटतात, आणि आतून पेंटापॉड बाहेर येऊन आजूबाजूचं मोडतो. पेटीत साठवू नका. लागतील तेवढीच वाढवा, उरलेली टॉवरमध्ये. अंड्यांच्या चेंबरशेजारी दोन-तीन गन टरेट (आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुका) असू द्या.

सायन्स पॅकला एक तास. अर्धा शिळा पॅक संशोधनातही साधारण अर्धाच धरला जातो. शिवाय ताजेपणा कच्च्या मालातून उतरतो, शिळ्या बायोफ्लक्सचा पॅक जन्मतःच शिळा. त्यामुळे पॅकच्या चेंबरला ताजा बायोफ्लक्स आधी पोचेल असा पट्टा लावा, पॅकसाठी लहान, वेगवान जहाज वेगळं ठेवा, आणि रॉकेटमध्ये भरणाऱ्या इन्सर्टरला ‘ताजं आधी’ हा पर्याय द्या.

शि.