जुनी पेट्रोल गाडी ऑइल कमी करतेय, पुढच्या वेळी कुठल्या ग्रेडचं टाकू?

निळी_हॅचबॅक

नमस्कार सगळ्यांना. बाबांची २००७ ची पेट्रोल गाडी आहे, रनिंग १ लाख ३८ हजार किमी, गेली दोन वर्षं मीच चालवते. वापर म्हणाल तर मुलांना शाळेत सोडणं, आणणं, बाजार, आईला दवाखान्यात नेणं, म्हणजे एका वेळेला तीन-चार किमीच्या वर जातच नाही, लांबचा प्रवास वर्षातून दोन-तीनदा. इंजिन अजून गोड चालतं, आवाज नाही, पिकअप ठीक आहे, पण मागच्या सर्व्हिसिंगनंतर मी सहज डिपस्टिक काढून बघितली तर ३००० किमीमध्ये ऑइल वरच्या खुणेवरून जवळपास खालच्या खुणेपर्यंत आलेलं. खाली फरशीवर डाग फारसा नाही.

मेकॅनिक म्हणाले इंजिन जुनं झालं, आता २०डब्ल्यू-५० टाका, घट्ट ऑइल टाकलं की खाणार नाही. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. भावजी म्हणतात सिंथेटिक तर अजिबात नको, जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की सगळे सील गळायला लागतात. आणि शेजारच्या काकांनी सांगितलं आधी फ्लश मारून इंजिन आतून धुवून घे. तीन माणसं तीन सल्ले, आणि गाडी बाबांनी इतकी जपलेली आहे की चुकीचं काही टाकून मला ती खराब करायची नाहीये. ऑइल या वेळी मी स्वतः बदलायचा विचार करतेय, दादा मदतीला आहे. काय टाकू आणि काय बघू, सविस्तर सांगाल का?

पाना_१४_नंबर

ताई, ग्रेड ठरवायच्या आधी ऑइल जातंय कुठे ते बघा. ऑइल जायला दोनच वाटा, एक बाहेर गळतं नाहीतर आत जळतं, आणि दोन्हीचं औषध वेगळं आहे.

सकाळी पहिला सेल्फ मारताना कुणाला तरी मागे सायलेन्सरजवळ उभं करा. सुरू झाल्या झाल्या निळसर धुराचा एक भपका येऊन दहा-पंधरा सेकंदात बंद झाला तर वॉल्व्हचे सील कडक झालेत, रात्रभर त्यातून थेंब थेंब ऑइल खाली उतरतं आणि सकाळी जळतं. चढाला किंवा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल तर मग पिस्टनच्या रिंगा. धूर अजिबातच नसेल तर गळती शोधा, बॉनेट उघडून टॉर्चने वॉल्व्ह कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेने बघा, तिथलं गॅस्केट जुनं झालं की ऑइल पाझरतं आणि गरम इंजिनवर तिथल्या तिथे वाळतं, खाली डाग पडतच नाही त्यामुळे माणसाला वाटतं गळत नाहीये.

आता ग्रेड. आकड्यांचा अर्थ कळला की निम्मी भीती जाते. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा, जितका कमी तितकं चांगलं. नंतरचा आकडा १०० डिग्रीला किती घट्ट राहतं त्याचा. सेंटिस्टोक या घट्टपणाच्या मापात ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे ३० वरून थेट ५० वर गेलात तर इंजिन गरम असताना ऑइल जवळपास दीड-पावणेदोन पट घट्ट होतं, आणि थंड असताना तर दुपटीहून जास्त. तुमची गाडी तीन-चार किमीच चालते, म्हणजे ती बहुतेक वेळ थंडच असते! वर कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, ऑइल उशिरा पोचणार आणि झीज सगळ्यात जास्त त्याच पहिल्या काही सेकंदात होते. त्यात तुमच्या इंजिनात व्हॅल्व्ह टायमिंग बदलणारी सिस्टीम असेल तर तिच्या वाटा बारीक असतात, ती पुस्तकातल्या ऑइलवर बेतलेली असते. माझं स्पष्ट मत, २०डब्ल्यू-५० नको.

पण पुस्तक परत एकदा नीट वाचा. जुन्या गाड्यांच्या पुस्तकात बऱ्याचदा तापमानाचा एक तक्ता असतो, आडव्या पट्ट्या काढलेल्या असतात आणि त्यात एकाहून जास्त ग्रेड चालतात असं दिलेलं असतं. ५डब्ल्यू-३० च्या खाली १०डब्ल्यू-४० ची पट्टी असली तर एक पायरी वर जायला काहीच हरकत नाही.

रोज_६०_किमी

सिंथेटिकने सील गळतात हे फार जुन्या काळातलं आहे, सुरुवातीच्या सिंथेटिक ऑइलने रबर आकसायचं तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय. आताच्या ऑइलमध्ये रबर सांभाळणारी अ‍ॅडिटिव्ह असतात. होतं काय की सील आधीच फाटलेला असतो आणि फटीत गाळ बसून ती बंद झालेली असते, नवं ऑइल तो गाळ हळूहळू धुतं आणि मग थेंब दिसायला लागतो, दोष मात्र ऑइलला.

एक शंका माझीही आहे, आताच्या नवीन एपीआय ग्रेडमध्ये, म्हणजे डब्यावर एसएन, एसपी अशी दर्जाची अक्षरं असतात त्यात, झीज रोखणारं झिंक कमी केलंय ना? मग जुन्या गाडीला ते चालतं का?

पाना_१४_नंबर

झिंक-फॉस्फरस कमी केलं ते सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून, बरोबर आहे. पण त्याचा त्रास खऱ्या अर्थाने जुन्या, सपाट टॅपेटवाल्या (टॅपेट म्हणजे कॅमशाफ्टवर घासत वॉल्व्ह ढकलणारा भाग) आणि कडक स्प्रिंगच्या इंजिनांना होतो. २००७ च्या फॅमिली गाडीला कन्व्हर्टर असतोच आणि ती गाडी आलीच मुळी एसएल, एसएमच्या काळात. एसएल २००१ चं, एसएम २००४ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, आणि पेट्रोलमध्ये नवं अक्षर जुन्याची जागा घेऊ शकतं असाच तो नियम आहे. त्यामुळे डब्यावर एसएन किंवा एसपी बघून घ्या, बिनधास्त. फक्त बाईकचं ऑइल गाडीत आणि गाडीचं बाईकमध्ये नको, बाईकला क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो म्हणून त्याचं गणित निराळं.

अंगणातलं_गॅरेज

मी गेली बारा वर्षं घरच्या दोन्ही गाड्यांचं ऑइल स्वतः बदलतो, म्हणून बदलण्याबद्दल लिहितो, ग्रेडचं वर छान सांगितलंय.

पहिलं म्हणजे नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच जायचं नाही. स्टँड लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, गाडी हाताने हलवून बघा आणि मगच खाली जा. इंजिन कोमट पाहिजे, उकळतं नको, दहा मिनिटं चालवून मग थोडं थांबलं की ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. ऑइल भरायचं वरचं झाकण आधी सैल करा. चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट शेवटच्या दोन आट्यांना हाताने फिरवताना आत दाबून धरायचा आणि पटकन बाजूला घ्यायचा, नाहीतर ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत जातं. हातमोजे घाला, वापरलेलं ऑइल कातडीला वाईट.

बोल्टचा वॉशर दर वेळी नवीन. तो तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, घट्ट करताना तो चेपतो आणि चेपूनच सील करतो, एकदा चेपलेला परत तसा बसत नाही. मग थेंब येतो म्हणून माणूस बोल्ट आणखी आवळतो, आणि चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असलं तर आटेच जातात. किती टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं, ते पुस्तकात असतं, टॉर्क पाना मिळाला तर उत्तमच.

आता फिल्टर, आणि हे मनापासून सांगतोय कारण माझ्यावर बेतलंय. एकदा जुना फिल्टर काढला, सगळं नीट पुसलं असं मला वाटलं, नवीन बसवला, ऑइल भरलं, सेल्फ मारला. मुलगा पुढे उभा होता तो ओरडला बाबा बंद करा बंद करा, खाली बघतो तर तळं झालेलं. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती, काळी, तेलकट, बघूनही दिसली नाही, आणि नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर बसली. दोन रिंगा एकमेकींवर धरत नाहीत, प्रेशर आलं की एक सरकतेच. अर्ध्या मिनिटात बंद केलं म्हणून इंजिन वाचलं. तेव्हापासून जुना फिल्टर हातात आला की आधी त्याची रिंग त्याच्यावरच आहे का बघतो, आणि इंजिनच्या बसायच्या जागेवरून बोट फिरवतो. नवीन रिंगला बोटाने ताजं ऑइल लावा, रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा, हाताने. पाना लावून आवळू नका, पुढच्या वेळी तो निघत नाही.

भरताना पूर्ण माप एकदम ओतू नका. अर्धा लिटर हातचं राखून भरा, मिनिटभर चालू करा, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला का बघा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि सपाट जागेवर डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं टाका. वरच्या खुणेच्या वर नाहीच, जास्त झालं तर क्रँक त्यात घुसळतं आणि फेस होतो, फेसाने बेअरिंगला प्रेशर मिळत नाही.

फ्लश मात्र नको. गाडीचा इतिहास माहीत नसताना एका झटक्यात सगळा गाळ सुटला तर तो पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगलं ऑइल टाका आणि पुढची दोन वेळा ३-४ हजार किमीलाच बदला, इंजिन आपोआप आतून साफ होत जातं. काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका, डब्यात भरून वापरलेलं ऑइल जिथे घेतात तिथे द्या.

चढाचा_रस्ता

एक गोष्ट कुणी बोललं नाही, पीसीव्ही वॉल्व्ह बघा. वॉल्व्ह कव्हरवर एक छोटा वॉल्व्ह असतो, पाईपने मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जोडलेला, इंजिनातला गॅस तो परत ओढून जाळायला पाठवतो. गाळाने तुंबला की आत प्रेशर साठतं आणि ते ऑइलला सीलमधून, गॅस्केटमधून बाहेर ढकलतं. काढून कानाजवळ हलवा, खुळखुळ वाजला तर बरा आहे, वाजलाच नाही तर अडकलाय. छोट्या फेऱ्यांच्या गाड्यांत हा हमखास तुंबतो कारण पाण्याची वाफ बाहेर पडायला इंजिन पुरेसं गरमच होत नाही. त्याच कारणाने तुमचा ऑइल बदलायचा इंटरव्हल पुस्तकातल्या नेहमीच्या १०,००० चा नको, ५००० किमी किंवा सहा महिने, जे आधी येईल ते.

निळी_हॅचबॅक

सगळ्यांचे खूप आभार, एकेक करून बघितलं.

तीन दिवस सकाळी दादाला मागे उभं केलं, धूर नाही. चढाला पण नाही. वॉल्व्ह कव्हरच्या मागच्या बाजूला मात्र बोट फिरवलं तर काळं चिकट ऑइल, एक्झॉस्टच्या बाजूला ओघळून वाळलेलं, इतके दिवस तिथे कुणी बघितलंच नव्हतं. आणि पीसीव्ही वॉल्व्ह काढून हलवला, काहीच आवाज नाही, आत पिवळसर लोण्यासारखा गाळ भरलेला. ऑइलच्या झाकणाच्या आतही थोडा तसाच होता म्हणून मी घाबरले होते की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळतंय की काय, पण कूलंटची पातळी गेले तीन महिने हलली नाहीये आणि डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ तपकिरी आहे.

पुस्तकात तक्ता सापडला! ५डब्ल्यू-३० पहिलं आणि खाली १०डब्ल्यू-४० ची पट्टी पण आहे.

चढाचा_रस्ता

मग ते वाफेचंच आहे, कूलंट कमी होत नसेल तर काळजी नको. वॉल्व्ह नवीन टाका, त्याचा पाईप पण काढून आतून बघा, तो चिरलेला असला तर नवीन वॉल्व्हचा उपयोग नाही. कव्हरचं गॅस्केट सोबतच बदला. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास चालवा. गळती थांबली तर ग्रेड बदलायची पण गरज नाही, ५डब्ल्यू-३० च राहू दे, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

निळी_हॅचबॅक

काल झालं सगळं. वॉल्व्ह नवीन, पाईप चांगला निघाला, गॅस्केट दादाने बसवलं, जुनं काढताना बिस्किटासारखं तुकडे तुकडे होऊन निघालं. ऑइल ५डब्ल्यू-३० च, एसपी. फिल्टर काढल्यावर पहिलं काम रिंग बघितली, ती फिल्टरवरच होती, तरी इंजिनवरून बोट फिरवून घेतलं. पुस्तकात फिल्टरसकट ३.१ लिटर दिलंय, २.६ टाकून सुरू केलं, मग थोडं थोडं करत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणून थांबवलं. बोल्टखाली कोरडा कागद ठेवला होता, आज सकाळी बघितला, डाग नाही. बाबा खुर्ची टाकून पूर्ण वेळ शेजारी बसले होते, शेवटी डिपस्टिक स्वतः मागून घेतली आणि उजेडात धरून बघितली.

डायरीत लिहून ठेवलंय, १,३८,४६० किमी, लेव्हल वरच्या खुणेखाली दोन मिमी. १००० किमी झाले की इथेच सांगते किती कमी झालं ते.