‘साऊंड’ : एक शब्द की चार?

प्रश्न :
एका जुन्या सागरी प्रवासवर्णनाचा अनुवाद करताना ‘साऊंड’ या शब्दापाशी मी अडले आहे. जहाज इंग्लंडमधील प्लिमथ बंदराच्या ‘साऊंड’मध्ये नांगर टाकते, पुढे खलाशी ‘साऊंडिंग’ घेतात आणि अखेरीस सारे ‘सेफ अँड साऊंड’ घरी पोहोचतात. आवाज या मूळ अर्थातूनच हे सगळे फुटले असावे असे मानून मी दुवा शोधत आहे, परंतु तो सापडत नाही.

पहिले उत्तर :
दुवा नाहीच. ‘पृष्ठ’पासून आलेली आपली पाठ आणि धडा या अर्थाचा पाठ जसे निरनिराळ्या वाटांनी येऊन एका रूपात मिळाले, तसेच येथे घडले आहे. आवाज या अर्थाचा शब्द लॅटिन ‘सोनुस’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा त्याच्या शेवटी ‘ड’ नव्हता. ‘न’ उच्चारल्यावर जिभेवर सहज येणारा हा ‘ड’ त्याला मागाहून चिकटला. ‘थंडर’मधला ‘ड’ही असाच उपरा आहे, हे जर्मन ‘डोनर’शेजारी ठेवून पाहिले की कळते. (‘सोनुस’ आणि संस्कृत ‘स्वन’ एकाच कुळातले, म्हणजे आपले ‘स्वनविज्ञान’ या शब्दाचे दूरचे नातलग ठरते.)

धडधाकट या अर्थाचा ‘साऊंड’ मात्र अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या सामाईक भाषाकुळातला असून जर्मनमध्ये तो ‘गेझुंड’ या रूपात आजही निरोगी माणसासाठी वापरतात. प्लिमथचा ‘साऊंड’ तिसराच. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘सुंद’ म्हणजे पोहणे आणि सामुद्रधुनीही. डेन्मार्क व स्वीडन यांच्यामधील ओरेसुंडच्या नावात तो दिसतो. तेथून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कने १४२९ ते १८५७ पर्यंत जकात वसूल केली आणि इंग्रजीत तिला ‘साऊंड’चीच जकात म्हणत.

दुसरे उत्तर :
‘साऊंडिंग’विषयी थोडी भर घालतो. प्रतिध्वनीवरून खोली मोजणारी यंत्रे विसाव्या शतकातली असल्याने अनेकांना येथे आवाजाचा संबंध वाटतो, पण त्याआधी शतकानुशतके खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडत आणि वजनाच्या बुडाला चरबी माखून तळाची वाळू किंवा चिखल वर आणत. हे क्रियापद फ्रेंच ‘सोंदे’वरून आले. तो फ्रेंच शब्द जर्मानिक ‘सुंद’पासून की लाट या अर्थाच्या लॅटिन ‘उंदा’पासून, यावर कोशकारांचे एकमत नाही, पहिले खरे असेल तर आपले चार शब्द तीनवर येतील. अनुवादात मी ‘ठाव घेणे’ वापरीन, कारण एखाद्याचे मन चाचपण्यासाठी इंग्रजीत जे ‘साऊंड आऊट’ म्हणतात, त्यालाही आपण मनाचा ठाव घेणेच म्हणतो.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. आणखी एका ठिकाणी भाल्याचा घाव बसताच देवमासा ‘साऊंड’ करतो, असे वाक्य आहे आणि मी तेथे ‘त्याने हंबरडा फोडला’ असे लिहून ठेवले होते. आता ते खोडून ‘त्याने तळाकडे बुडी मारली’ असे करते.