मदत हवी आहे: लेकीच्या बाळंतपणापुरतं इंग्रजी, वय वर्षं ५६

माडाखालची:

नमस्कार मंडळी. इथे मी पाककृती वाचायला येते, लिहायला आज पहिल्यांदाच बसले. धागा चुकीच्या जागी पडला असेल तर हलवा.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या खाडीलगत. लेक-जावई लीड्सला. लेकीला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे, पहिलंच आहे. भातं झोडून उडवी रचून झाली की नोव्हेंबरअखेर मी निघणार. जावयांना सुट्टी दोन आठवडे. त्यानंतर दिवसभर घरात ती, बाळ आणि मी.

बाळाला न्हाऊ-माखू घालणं, अळीव, डिंकाचे लाडू, ह्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. एका भाचीचं आणि थोरल्या सुनेचं बाळंतपण ह्याच घरात केलंय. घोडं अडलंय ते इंग्रजीपाशी.

शिक्षण दहावी, मराठी शाळा, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. वाचता येतं. औषधाची पट्टी, एसटीची पाटी, बँकेचा मेसेज, सगळं लावते. बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. २०२२ साली महिनाभर गेले होते तेव्हा मला सडकून ताप भरला. लेकीने दवाखान्यात नेलं आणि ती गाडी लावायला गेली. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईने काय होतंय विचारलं. मी म्हटलं, ‘आय फील सिक.’ आजारी वाटतंय, असंच ना? तिने घाईघाईने राखाडी पुठ्ठ्याचं एक टोपडं काढून माझ्या हनुवटीखाली धरलं. मला कळेना, ह्यात पैसे टाकायचे की काय! लेक आली तेव्हा मी ते टोपडं मांडीवर घेऊन बसले होते. ती इतकी हसली की तिलाच बसायला खुर्ची शोधावी लागली.

हसण्यावारी गेलं, पण यंदा जाणार मी तिच्या आधारासाठी. ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली आणि फोन मला करावा लागला तर?

तालुक्याच्या गावी स्पोकन इंग्लिशच्या क्लासला दीड महिना गेले. जाऊनयेऊन एसटीत दोन तास. तिथे स्वतःची ओळख, आवडता छंद आणि नोकरीची मुलाखत. ह्या वयात माझी मुलाखत कोण घेणार? मोबाइलवरचं ॲप म्हणतं, मुलगा सफरचंद खातो. खाऊ दे बापडा. बाळ दूध ओकतंय, अंग तापलंय, टाक्यांना ठणका लागलाय, हे कुणी शिकवतच नाही.

सध्या कालनिर्णयाच्या चौकोनात रोज एक वाक्य लिहिते. त्याच चौकोनात दुधाचा हिशोबही असतो. परवाच्या तारखेला ‘दीड लिटर’ आणि खाली ‘शी इज नॉट स्लीपिंग’. शेजारची नववीतली पोर संध्याकाळी पाठ घेते, पण तिलाही ‘कळ’ आणि ‘चमक’ इंग्रजीत वेगळं कसं सांगायचं ते ठाऊक नाही.

घरगुती आणि दुखण्याखुपण्याचं इंग्रजी कुठे मिळेल? पाठ करू की कुणाशी बोलत राहू? दोन महिन्यांत किती होईल, खरं सांगा.

घाटमाथा:

काकू, आजकाल मोबाइलवर बोललं की भाषांतर होतं. एवढा जिवाला घोर कशाला?

माडाखालची:

तेही करून पाहिलं. ‘बाळंतिणीला कणकण आहे’ म्हटलं तर बांगड्यांचं काहीतरी आलं. मेथड चुकली असेल माझी.

दुपारचा चहा:

ताई, चिपळूणला अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त. तुमच्या क्लासवाल्यांना दोष देत नाही, आम्हीही तेच केलं. मुलं निबंधात गाय रंगवायची, पण पोटात दुखलं तर वर्गात इंग्रजीतून सांगता यायचं नाही.

शब्दांच्या याद्या करू नका. आधी मराठी कुठे फसवते ते बघा. आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत, त्यांचे दोन: मनगटापुढे हँड, वर आर्म. ‘पाय’ही तसाच, घोट्याखाली फूट आणि वर लेग. बोटं तर आपल्याला वीसच्या वीस सारखी. त्यांच्याकडे हाताची फिंगर, पायाची टो. फोनवर ‘हर लेग इज स्वोलन’ म्हणालात आणि सुजलंय फक्त पाऊल, तर ऐकणारा वेगळंच समजेल. बाळंतिणीच्या एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात, त्यामुळे हा फरक नुसता व्याकरणाचा नाही.

दुसरं, आपल्याकडे ताप ‘येतो’, सर्दी ‘होते’, खोकला ‘लागतो’. दुखणं चालून येतं, आपण नुसते उभे. इंग्रजीत माणसाकडे ते ‘असतं’. शी हॅज अ फीवर, शी हॅज अ कफ. ‘माय हँड इज पेनिंग’ आपण सर्रास म्हणतो, तिथे ‘माय हँड हर्ट्स’ म्हणा. एवढा एक साचा बसला की निम्मं काम होतं.

सराव घरातच करा. यजमानांना गोळी देताना, नातवाचा गुडघा फुटला तर, सगळं मोठ्याने इंग्रजीत. आधी वेड लागल्यासारखं वाटेल.

वेंगुर्ल्याची पोर:

माडाखालची काकू, मी यॉर्कशायरमध्येच वॉर्डात नर्स आहे. ते पुठ्ठ्याचं टोपडं आम्ही दिवसाला कितीतरी वापरतो! ब्रिटनमध्ये ‘आय फील सिक’ म्हणजे मळमळतंय, आणि ‘शी वॉज सिक’ म्हणजे तिला उलटी झाली. नुसतं बरं नसेल तर ‘आय डोन्ट फील वेल’ म्हणायचं. तापाला इथे बहुतेक जण ‘शी हॅज अ टेंपरेचर’ म्हणतात. ‘लूज मोशन’ आपल्याकडचं, इथे डायरिया म्हणा.

आता कळांकडे. ठणका म्हणजे थ्रॉबिंग. चमक म्हणजे शार्प पेन. मुरडा म्हणजे क्रॅम्प्स. जळजळ ती बर्निंग, आणि पित्ताने छातीत जळजळलं तर हार्टबर्न. बाळंतपणाच्या कळा मात्र पेन नाहीत, काँट्रॅक्शन्स. त्या सुरू झाल्या की फोनवर विचारतील किती मिनिटांनी येताहेत, म्हणून घड्याळ लावून बसा. पाणमोट फुटली तर ‘हर वॉटर्स हॅव ब्रोकन’. आणि महिने सांगू नका, इथे सगळं आठवड्यांत मोजतात. ‘सातवा लागला’ म्हटलं तर मिडवाइफ, म्हणजे इथली सुईण, बोटं मोजत बसेल.

बाळाचं: ढेकर काढणं म्हणजे ‘विंड’, उच्चार वाऱ्याच्या विंडसारखाच. लंगोट नॅपी, चोखणी डमी. शी-शूला पू आणि वी, लाजू नका, डॉक्टरही हेच म्हणतात. सोबत एक लाल वही असते, तिला रेड बुक म्हणतात, त्यात बाळाचं वजन, लसी लिहितात. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळाला बघायला येणारी नर्स, घरी आली की ती वही पुढ्यात ठेवा.

पॅरासिटामॉल इथेही त्याच नावाने मिळतं. थर्मामीटर मात्र सेल्सिअसचा असतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा त्यावर, म्हणजे आपले १००.४, दिसले की वाट न बघता फोन.

फोन दोन. जीव धोक्यात असेल तर ९९९. आधी विचारतील पोलीस, फायर की ॲम्ब्युलन्स, मग ‘इज द पेशंट ब्रीदिंग?’ उत्तर यस किंवा नो, वाक्य जुळवत बसू नका. मग पत्ता. लेकीचा पोस्टकोड एकेक अक्षर करून आजपासून पाठ करा, अगदी पाढ्यासारखा. जीव धोक्यात नाही, पण लगेच सल्ला हवा असेल तर १११. तिथे ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ म्हणता येतं, दुभाष्याचे पैसे पडत नाहीत.

खरं सांगायचं तर दोन महिन्यांत फाडफाड येणार नाही. ह्या एवढ्यापुरतं नक्की येईल.

घाटमाथा:

९९९ चं माहीत नव्हतं. मगाचचा प्रतिसाद मागे घेतो.

माडाखालची:

वेंगुर्ल्याची पोर, किती आणि काय लिहिलंस ग! प्रिंट काढून माजघराच्या दाराला लावलंय. पोस्टकोड पाठ झाला, फक्त ‘ई’ आणि ‘आय’ मध्ये अजून गफलत होते. लहानपणी मराठीतली इ तोंडात बसली ती बसली.

सर, तुमचं ऐकून काल ह्यांना म्हटलं, ‘टेक युवर टॅब्लेट आफ्टर फूड.’ हे म्हणाले, आता बीपीपण इंग्रजीतून वाढवणार का? पण गोळी घेतली. नातवाला माडाखाली मुंगळा चावला तेव्हा मी ‘व्हेअर? फिंगर ऑर टो?’ विचारलं, तर तो रडायचा थांबून माझ्याकडे बघतच राहिला. टो होता.

अजून दोन अडचणी. जावयांची आई केरळची, तीही येणार आहे, तिच्याशी इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. विहिणीला इंग्रजीत काय म्हणू? मदर-इन-लॉ म्हटलं तर ती माझी सासू होते. दुसरं, बाळाला धुरी द्यायची माझी पद्धत आहे, ओवा आणि वावडिंगाची. तिकडे चालेल का?

वेंगुर्ल्याची पोर:

विहिणीला इंग्रजीत शब्दच नाही. ओळख करून देताना ‘माय सन-इन-लॉज मदर’, आणि हाक मारताना तिच्या नावाने. नाव घेणं जड जात असेल तर चेची म्हणा, मल्याळममध्ये थोरल्या बहिणीला म्हणतात. खूश होईल.

धुरी नको काकू. घरोघरी छताला धुराचा अलार्म असतो, तो असा कोकलतो की शेजारी दारात येतात. माझ्या आईने एकदा साध्या फोडणीत वाजवलाय. शिवाय तान्ह्याच्या छातीला धूर चांगलाही नाही. ओवा फडक्यात बांधून तुमच्याच गुडघ्यांना शेका.

आणि माझी शनिवारी दुपारची पाळी नसते. इथले बारा म्हणजे तुमचे साडेचार, घड्याळं मागे गेली की साडेपाच. पंधरा मिनिटं फोनवर बोलू. मी ९९९ वाली होईन, तुम्ही घाबरलेली आई व्हा.

माडाखालची:

घाबरलेली आई व्हायला सराव नको ग. शनिवारी साडेचारला बसते. रेंज पडवीच्या खाडीकडच्या कोपऱ्यातच येते, मध्येच तुटलं तर पुन्हा लाव. आणि मी मराठीत घसरले तर तू उत्तर देऊ नकोस.