डिसेंबरात पुणे: गाडी चालवायला मजा येईल असा घाट कुठला?

प्रेषक: आ. प., स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत पुण्याला येतोय. दरवर्षी लक्ष्मी रोड, मामाकडे जेवण, आत्याकडे चहा यातच सुट्टी संपते. यंदा एक पूर्ण दिवस गाडी चालवायला राखून ठेवलाय. भावाची गाडी मिळणार आहे, पेट्रोल, मॅन्युअल. इकडे ब्लॅक फॉरेस्टमध्ये बाडेन-बाडेनहून फ्रॉइडनश्टाटला जाणारा बी ५०० हा माझा सुट्टीचा आवडता रस्ता. पुण्याहून निघून एका दिवसात परत येता येईल असं काही सांगा. ताम्हिणी ऐकून माहीत आहे. बरोबर आई असेल आणि तिला गाडी लागते, हे आधीच सांगून ठेवतो.

आ.

———

प्रेषक: वि. जो., कोथरूड

प्रिय आ.,

मी तिकडचा गाशा गुंडाळून कोथरूडला आलो तरी आपल्या मेलिंग यादीतून नाव काढलेलं नाही, त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क बजावतो.

ताम्हिणी सुंदरच आहे. पण ताम्हिणीला जायचं, गाडी कडेला लावून फोटो काढायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचं, याला मी घाट करणं म्हणत नाही. एक घाट उतरावा, कोकणात जेवावं आणि दुसरा घाट चढून घरी यावं. तू असं कर. चांदणी चौकातून पौड, मुळशी, ताम्हिणी करत माणगावला उतर. तिथे मुंबई-गोवा महामार्गाला लागून महाड गाठ. महाडहून वरंध घाट चढून भोर आणि मग कापूरहोळला सातारा रस्ता. सगळा फेरा अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतो. सकाळी सहाला निघालास तर अंधार पडायच्या आत कापूरहोळ येईल.

हाच फेरा उलटा करू नकोस. दोन्हींत ताम्हिणी रुंद आणि वरंध अरुंद. अरुंद घाट चढायला घ्यावा, रुंद उतरायला. चढताना गाडी आपल्या ताब्यात असते, पाय उचलला की वेग आपोआप पडतो. शिवाय घाटात दोन गाड्या एका वेळी मावत नसतील तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियमच आहे. उतरणाऱ्याने थांबायचं, गरज पडली तर मागेही घ्यायची. हा नियम पाळणारे कमी, पण निदान वाद घालताना तू बरोबर असशील.

वेळेचंही गणित आहे. सह्याद्रीचा कडा कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी उतरताना ऊन पाठीवर असतं, दुपारनंतर चढताना पुन्हा पाठीवर. दुपारी चारला ताम्हिणी उतरणारे लोक काचेवरची धूळ आणि डोळ्यांत ऊन घेऊन उतरतात, समोरचा टेम्पो दिसतो तो अगदी जवळ आल्यावर.

ताम्हिणीत शिरायच्या आधी मुळशीच्या पाण्याकडेने रस्ता बराच वेळ लांब लांब वळणं घेत जातो. मला घाटापेक्षा हाच तुकडा जास्त आवडतो. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवली की ब्रेकला फारसा पाय लावावाच लागत नाही. वळण संपता संपता पुढचं दिसत असतं. पाणी टाटांच्या धरणाचं. १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह केला आणि त्यातूनच बापटांना सेनापती हे नाव मिळालं. हे पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. उतरलास की तूही त्याच बाजूला असशील.

आता तुझ्या जर्मन सवयींबद्दल. तिकडे तू उजवीकडून चालवतोस, त्यामुळे नजर चुकीच्या कोपऱ्यात जाईल. डोंगर डावीकडे असेल आणि वळणही डावीकडेच वळत असेल, तर समोरचा माणूस कोपरा कापून तुझ्या बाजूला आलेला आहे असं धरूनच चाल. हॉर्न वाजव. तिकडे हॉर्न वाजवल्यावर शिवी मिळते, इथे न वाजवल्यावर. ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर लाव, वळणात नको. आणि जो गिअर चढायला लागला असता तोच उतरताना ठेव. न्यूट्रलवर पेट्रोल वाचवणारे महाभाग आजही भेटतात. घाटाच्या पायथ्याशी त्यांच्या चाकांचा करपट वास येतो.

शनिवार-रविवार टाळ. ३१ डिसेंबरच्या आसपास तर ताम्हिणीचं नावही काढू नकोस.

वि. जो.

———

प्रेषक: सातारकर, ह्यूस्टन

वि. जो., पुण्याच्या माणसाला खंबाटकीच्या पलीकडचं दिसत नाही हे ऐकून होतो, आज वाचलं. पसरणी कुठे गेला? वाईतून निघालं की एकेका वळणागणिक कृष्णेचं खोरं खाली पसरत जातं, धोमचं पाणी दिसतं, आणि रस्ता असा बांधलाय की चढ कुठेच अंगावर येत नाही. पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. तुमच्या ताम्हिणीच्या पायथ्याशी काय आहे? वडापाव.

———

प्रेषक: मा. (माहेर भोर), दुबई

वि. जो. काका, वरंधबद्दल तुम्ही दोन ओळींत आटपलंत, म्हणून मी लिहिते.

आ. दादा, माझं लहानपण भोर-महाड एसटीत गेलं. वरंधची वळणं मला चालकाच्या मागच्या सीटवरून पाठ झाली. घाटातल्या आवळ वळणावर, म्हणजे गाडीचं तोंड पार उलटं फिरवणाऱ्या वळणावर, एसटीला पूर्ण रस्ता लागतो. पुढची चाकं पार दरीच्या कडेपर्यंत नेल्याशिवाय मागची चाकं वळतच नाहीत. त्यामुळे समोरून लाल गाडी दिसली की वळणाच्या आधीच थांब, वळणात शिरून थांबू नकोस. चालक खिडकीतून उजवा हात बाहेर काढतो. तळवा खाली करून दाबल्यासारखं केलं तर थांबायचं. बोटं पुढे झटकली तर तू ये. कोपर नुसतंच खिडकीवर ठेवलेलं असेल तर त्याने तुला पाहिलेलंच नाही, हॉर्न दे.

महाडकडून चढताना आधी बिरवाडी, मग माझेरी. माझेरीनंतर खरा घाट. खाली डाव्या-उजव्या हाताला दरी बदलत राहते आणि वर कावळ्या किल्ल्याचा डोंगर. रस्ता त्याच्या अंगावरूनच गेलाय. खिंडीत वाघजाईचं देऊळ आहे, तिथे थांबायचंच. देवीला नमस्कार, मग कांदाभजी. भजीची प्लेट हातात घेऊन कठड्यावर टेकू नकोस. माकडं मागून येतात आणि नेमकी गरम भजी सोडून चटणीचा कागद नेतात, मग तो चाटून तुझ्याच गाडीच्या टपावर टाकतात. शिवथरघळ खालीच राहते. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला असं मानतात. काकूंना जायचं असेल तर घाट चढायच्या आधीच फाट्याने आत जावं लागेल. पण मग भोरला पोचेपर्यंत काळोख होईल.

खिंड ओलांडली की लोकांना वाटतं घाट संपला. वळणं तर तिथून पुढे आहेत. नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी आत जातो आणि प्रत्येक सोंडेवर बाहेर येतो. उतार फारसा नाही, गर्दी नाही, एका वेळी एकच वळण दिसतं. घाट संपला म्हणून लोक इथे वेग धरतात आणि सोंडेच्या पलीकडे म्हशी रस्त्यात बसलेल्या असतात. डिसेंबरात दुपारी डांबर उबदार असतं ना, म्हणून.

एक मात्र खरं. वरंध पावसाळ्यात दरडींमुळे बहुतेक दरवर्षी बंद करतात, आणि दुरुस्ती नंतरही चालू राहते. निघायच्या आदल्या दिवशी भोरला कुणाला तरी फोन करून विचार. नकाशावर रस्ता उघडा दिसतो म्हणून विश्वास ठेवू नकोस.

मा.

———

प्रेषक: आ. प.

काका, ताई, किती छान. दोन शंका. एक, ऊन पाठीवर म्हणता, पण आवळ वळणावर गाडीचं तोंड उलटं फिरतंच की, मग ऊन समोर येणारच. दोन, ताम्हिणीत सूर्यास्त बघायचा असेल तर उलटा फेरा बरा नाही का? सकाळी वरंध उतरतो, संध्याकाळी ताम्हिणी चढतो.

———

प्रेषक: वि. जो.

पहिली शंका बरोबर. पण फिरून आलेला तुकडा थोडाच असतो, तेवढ्यापुरती झडप खाली ओढायची. उतरताना पूर्ण वेळ ऊन डोळ्यांत असणं निराळं.

दुसरी शंका नाताळच्या सुट्टीत विचारतोस? संध्याकाळी ताम्हिणीत तू सूर्याकडे नाही, पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटकडे बघत बसशील. निम्मे लोक वळणातच गाडी उभी करून सेल्फी काढतात. शिवाय वरंध सकाळी उतरायचा म्हणजे समोरून चढणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबून वाट द्यायची. तुझा पहिला दिवस आहे, चढच.

सूर्यास्तच हवा असेल तर वेगळ्या दिवशी पाबे घाट कर. खडकवासल्यावरून खानापूर, तिथून पाबे चढून वेल्ह्याकडे उतरायचं. माथ्यावर तोरणा आणि राजगड दोन्ही समोर. घाट लहान, पण चढ असा की पहिला गिअर कधी लागला ते कळत नाही. परत विंझर, नसरापूर करत महामार्गाला. दुपारी जेवून निघालास तरी होतं. गर्दी नाही कारण तिथे वडापावची गाडी नाही.

सातारकर, तुमच्या पसरणीला माझा विरोध नाही. बरीच वर्षं पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट आणि येताना बोगदा अशी एकेरी सोय होती, तो घाटही मला आवडायचा. समोरून कुणी येणार नाही हे माहीत असण्याचं सुख मोठं. पण नाताळात पाचगणीच्या नाक्यावर अडकून पडायला मी कुणाला पाठवणार नाही.

———

प्रेषक: मा.

गाडी लागण्याचं राहिलंच. काकूंना पुढे बसव, मागे नाही. उपाशी पोटी निघू देऊ नकोस, पण पोहे-उपमा इतपतच, तेलकट नको. आलेपाक नाहीतर आवळासुपारी पर्समध्ये असू दे. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप वाचत बसू देऊ नकोस, तिथूनच सगळं सुरू होतं. आणि वळण येण्याआधी तोंडाने सांगत जा, आता डावीकडे, आता उजवीकडे. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही कारण पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं. शेजारच्याला कळलं की त्यालाही बराच फरक पडतो. वळणात मध्येच ब्रेक आणि मध्येच रेस, हे मात्र कुणालाच झेपत नाही.

वरंध बंद निघाला तर महाडहून पुढे पोलादपूरला जाऊन आंबेनळीने महाबळेश्वर चढता येतो. घाट लांब आहे, जंगलातून जातो, वाटेत प्रतापगड. तिथून पुढे घरी यायला पसरणी उतरून वाई.

———

प्रेषक: सातारकर

शेवटी आलात ना पसरणीवर.

———

प्रेषक: आ. प.

ठरलं. आठवड्यातला मधला दिवस, सकाळी सहा, ताम्हिणीने खाली. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते वाघजाईला जायचंय, मुलगा झाल्यावर ओटी भरायची राहिली होती. मुलगा म्हणजे मी. आंबेनळी चालणार नाही, वरंध उघडा असेल त्याच दिवशी निघायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलंय. ताई, भोरला फोन करायला कुणाचा नंबर असेल तर मला वेगळ्या मेलने कळवाल का?