डोळे आलेत? ड्रॉपचे अनुभव इथं टाका (अनुभव धागा)

जुळे सोलापूरकर:
पाऊस पडला न पडला की आमच्या भागात काळे गॉगल सुरू. यंदा शाळेच्या रिक्षातली निम्मी पोरं घरी बसलीत. काल मेडिकलवर उभा होतो तर माझ्या पुढचे सगळे 'डोळ्याचं ड्रॉप द्या' एवढंच म्हणून तीच ती बाटली घेऊन चालले होते, कशाचं आहे हे कुणी विचारलं नाही आणि काऊंटरवरच्यानंही सांगितलं नाही. म्हणून हा धागा काढतोय. कुणी काय घातलं, कुणी दिलं, पोरांना कसं घातलं, काही उलटं झालं का, सगळं लिहा, 2023 च्या जुलै-ऑगस्टमधल्या त्या मोठ्या साथीतलं पण चालेल. फक्त 'मी कुठलं घालू' असं विचारू नका, आपण कुणी डॉक्टर नाही बे.

कडक भाकरी:
माझा धाकटा साडेतीन वर्षांचा. बाटली दिसली की हा कॉटखाली. आधी आम्ही दोघं मिळून धरायचो, एकानं हात एकानं डोकं, आणि थेंब जायचा कानात. मग डॉक्टरबाईंनी सांगितलं की डोळा उघडायच्या भानगडीत पडूच नका, उताणं झोपवा, डोळे मिटू दे गच्च, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि गप बसा. पोरगं कधी ना कधी डोळा उघडतंच, की गेला आत! आता स्वतःच येऊन पडतो, एक डोळा झाला की शेंगापोळीचा तुकडा मागतो मग दुसरा. त्याला पिवळी घट्ट घाण यायची, सकाळी पापण्या चिकटून बसायच्या, म्हणून मॉक्सीफ्लॉक्सासिन दिलं होतं, म्हणजे अँटिबायोटिकचं ड्रॉप, दिवसातून तीनदा. आधी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसून घ्यायचं, दोन्ही डोळ्यांना वेगळा कापूस. हे पुसायचं काम कुणी सांगत नाही पण निम्मा फरक त्यानंच पडला असं माझं मत.

टेरी टॉवेल:
आमचा टॉवेलचा कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. त्या 2023 च्या साथीत एका कामगाराला झालं आणि बघता बघता मागाच्या अख्ख्या रांगेला. गंमत बघा, दिवसभर टॉवेल विणणारी माणसं आणि तोंड पुसायला खुंटीवर सगळ्यांत मिळून एकच टॉवेल. तो आधी उचलला, प्रत्येकाला वेगळा दिला. मलाही झालंच. डॉक्टरनं डोळा बघितला, कानापुढं गाठ आलीय का ते चाचपलं, म्हणाले व्हायरसचं आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि नुसते ओलाव्याचे ड्रॉप लिहून दिले, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज नाव त्याचं, वर गार पाण्याच्या पट्ट्या. आजी जाम भडकली. 'फी घेऊन पाणी दिलं व्हय रे त्यानं?' तिच्या लेखी हळदीत रंगवलेलं फडकं हेच औषध. फडकं मी घेतलं, डोळ्याला नाही लावलं. दोन आठवडेही लागतील म्हणाले होते आणि खरंच रेंगाळलं, मधे तर उलट वाढल्यासारखं वाटलं, दुसरा डोळाही लाल झाला. तिथंच धीर सुटतो आणि माणूस मेडिकल गाठतो.

गोळी-औषध:
मी मेडिकलवरच असतो, म्हणून वरचं वाचून राहवलं नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात मॉक्सीफ्लॉक्सासिन असतंय, आणि काहींवर त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल. ते स्टेरॉइड. लाली झटक्यात उतरते म्हणून गिऱ्हाईक खूश, 'मागच्या वेळचंच द्या' म्हणतंय. आतला जंतू मेला म्हणून लाली जात नाही, सूज दाबली म्हणून जाते. आणि डोळ्याचं प्रेशर वाढतं काहींचं, काही आठवड्यांतसुद्धा, दुखत नाही म्हणून कळत पण नाही. सगळ्यात घातक म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली. ती अख्ख्या वाड्यात फिरते! एकदा फोडली की बहुतेक बाटल्या महिन्याच्या आत टाकायच्या असतात, फोडलेली तारीख पेनानं लिहून ठेवा. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, सोलापूरचं 43-44 डिग्री ऊन, डिकीत तर त्याहून जास्त, बाटलीवर 25-30 च्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतंय.

नवी पेठ:
वरचं स्टेरॉइडचं अगदी बरोबर, आमच्या काकांचं झालं. एकच डोळा लाल, पाणी, उजेड सहन होईना, दुखतही होतं. साथ चालू होती म्हणून सगळ्यांनी 'डोळे आलेत' ठरवून टाकलं, एका दुकानातून ड्रॉप आणले, चिठ्ठी नाही काही नाही. दोन दिवस एकदम आराम, काका म्हणाले बघा. नंतर समोरचं धूसर व्हायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं पिवळा रंग घालून निळ्या लाइटखाली बघितलं तर बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम, हर्पिसची. तो पण व्हायरसच, पण स्टेरॉइड घातलं की फोफावतो. ड्रॉप आपल्या मनानं परत घालायचा नाही म्हणून दम दिला, असायक्लोव्हिरचं मलम दिलं, दिवसातून पाच वेळा. डोळा वाचला पण बुबुळावर पुसट डाग राहिलाय, रात्री समोरून गाडीचा लाइट आला की काका अजून वैतागतात. दुखणं, उजेड न सोसणं, धूसर दिसणं, यातलं काहीही असेल तर मेडिकलवर जायचंच नाही, हे आता आमच्या घरात पाठ झालंय.

अम्माची लेक:
आमच्या घरी तेलुगू, अम्मा बिड्या वळते. तिचे डोळे सारखे लाल आणि खाज, खाज म्हणजे इतकी की बोटानं चोळून चोळून पापण्या सुजायच्या. शेजारणीनं तिचे ड्रॉप दिले, काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले हे डोळे आलेलेच नाहीत, अ‍ॅलर्जी आहे, घाण येत नाही नुसती खाज आहे ना. ओलोपॅटाडिन दिलं. पण खरी गंमत ड्रॉप घालताना, सूप मांडीवर, बोटांना तंबाखू, आणि त्याच बोटानं खालची पापणी ओढायची! मग आगआग होणारच की. आता साबणानं कोपरापर्यंत हात धुते तेव्हाच मी बाटली हातात देते. चार दिवसांनी नळाला पाणी येतंय तरी त्या हात धुवायच्या पाण्याला अम्मा काटकसर करत नाही.

पार्क चौक:
ड्रॉप घातलं की घशात कडू लागतं, कुणाला होतं का?

गोळी-औषध:
होतंय बऱ्याच जणांना. डोळ्यातनं नाकात नळी जाते, तिथून घशात. थेंब पडला की डोळा मिटा, पापण्या फडफडवू नका, नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा. एकच थेंब बास, दुसरा गालावरच ओघळतो. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या, मलम असेल तर शेवटी. आणि बाटलीचं टोक पापणीला टेकवू नका.

कडक भाकरी:
शाळेत कधी पाठवायचं? बाई रोज फोन करायल्यात.

टेरी टॉवेल:
आम्ही कामगारांना पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत घरी बसवलं होतं, डॉक्टरनं तसंच सांगितलेलं. गॉगल घालून ये म्हणणारे पण होते काही. गॉगलनं उजेड अडतो, हाताला लागलेलं पाणी नाही अडत.